आधी दोरी, मग बाकी सगळं

फ्लोरिडात अ‍ॅलिगेटरच्या शिकारीला निघताना बंदूक घरी ठेवावी लागते. गळ चालतो, पण त्या गळाला आमिष लावायचं नाही. हार्पून चालतो, धनुष्यबाण चालतो, पण हार्पूनच्या टोकाला आणि बाणाला दोरी हवीच. आणि जोवर ते जनावर दोरीने अडकलेलं नाही, तोवर त्याला मारायचं नाही. सल्ला नव्हे बरं का, कायदा! ऐकायला सगळं उलटंच वाटतं. तीन मीटर लांबीच्या, ऐंशीच्या आसपास दात असलेल्या प्राण्याशी माणूस आधी स्वतःला बांधून घेतो आणि मारायचं कसं ते नंतर बघतो. पण बॉस, या खेळातली सगळी अक्कल त्या दोरीतच आहे.

मी ऑर्लँडोत ऑनसाइट आहे. म्हणजे दिवसा क्लायंटचा सर्व्हर आणि रात्री इंडियाचे कॉल्स. आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एसी दुरुस्तीचा धंदा करणारे एक गृहस्थ राहतात, वय साठीच्या घरात. मी त्यांना कॅप्टन म्हणतो, कारण पार्किंगमध्ये त्यांची होडी माझ्या गाडीपेक्षा जास्त जागा अडवते. मागच्या सप्टेंबरात त्यांना परमिट लागलं आणि त्यांनी विचारलं, येतोस का? अट एकच, कशालाही हात लावायचा नाही. शिकारीत मदत करणाऱ्यालाही इथे वेगळं लायसन्स लागतं आणि ते माझ्याकडे नव्हतं. ते होतं त्यांच्या भाच्याकडे. माझी पोस्ट बघ्याची, फुल टाइम.

परमिट 'लागलं' हे मुद्दाम म्हणतोय, कारण ही लॉटरीच आहे. राज्याचं वन्यजीव कमिशन दर वर्षी ठरावीक परमिटं काढतं, अर्ज त्याहून कितीतरी जास्त येतात, मग सोडत. थोडक्यात काय, म्हाडा! एका परमिटवर शिकारीची जागा ठरलेली, मुदत ठरलेली आणि टॅग दोन. दोन टॅग म्हणजे दोन जनावरं, बस्स. सीझन सुरू होतो १५ ऑगस्टला (आपण झेंडावंदन करून जिलेबी खातो त्याच दिवशी) आणि संपतो १ नोव्हेंबरला. पूर्वी संध्याकाळी ५ ते सकाळी १० एवढीच वेळ होती, २०२२ पासून दिवसाही परवानगी आहे. तरी जाणकार मंडळी रात्रीच निघतात.

"अरे पण मगरी मारायला परवानगी देतातच कशी?" हे आईने फोनवर विचारलं, आणि प्रश्न रास्त आहे. कातड्याच्या धंद्यापायी हा प्राणी इतका कमी झाला होता की १९६७ मध्ये त्याला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत टाकावं लागलं. शिकार बंद झाली, बेकायदा व्यापारावर चाप बसला, आणि जनावरं परत वाढली. १९८७ मध्ये सरकारने तो सावरल्याचं जाहीर केलं आणि १९८८ पासून फ्लोरिडाने ही मोजूनमापून शिकार सुरू केली. आज एकट्या फ्लोरिडात सुमारे १३ लाख अ‍ॅलिगेटर आहेत असा अंदाज दिला जातो. टॅगची भानगड त्यातूनच आली. अ‍ॅलिगेटरचं कातडं जगातल्या इतर दुर्मिळ मगरींच्या कातड्यासारखं दिसतं, त्यामुळे आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रत्येक कातड्यावर नंबर हवा.

जनावराला किंमत असली की त्याच्या दलदलीलाही किंमत राहते, असं या पद्धतीचं समर्थन करतात. लुइझियानात मला ते पटतं, कारण तिथली बरीचशी दलदल खासगी मालकीची आहे आणि मालकाला अंड्यांतून आणि कातड्यांतून पैसे मिळतात. फ्लोरिडातल्या सार्वजनिक तळ्यांवर मात्र हा मुख्यतः शौक आहे, आणि शौकाला शौकच म्हणावं. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने मगरीला पूर्ण संरक्षण आहे. तेव्हा सांगलीच्या, चिपळूणच्या वाचकांनो, कृष्णेत किंवा वाशिष्ठीत यातलं काहीही ट्राय करायचं नाही. तिथल्या मगरी बघायच्या, त्याही लांबून.

आता मेन मुद्दा, सामान.

होडी लागते सपाट बुडाची, अ‍ॅल्युमिनियमची. हिला इथे जॉन बोट म्हणतात. गुडघाभर पाण्यातही चालते आणि सगळे एका बाजूला झुकले तरी पटकन कलंडत नाही. मागे पेट्रोलचं इंजिन, ते तळ्याच्या मध्यापर्यंत जायला. पुढे बॅटरीवर चालणारी छोटी मोटर, ती शेवटच्या शंभर मीटरसाठी. तिचा आवाज आपल्या टेबल फॅनपेक्षा कमी. टीव्हीवर दिसणाऱ्या, मागे विमानाचा पंखा लावलेल्या एअरबोटी गवताळ भागात उपयोगी, पण त्यांचा आवाज असा की कानाला हेडफोन लावावे लागतात.

मग दिवा. कपाळावर हेडलॅम्प आणि हातात स्पॉटलाइट. अ‍ॅलिगेटरच्या डोळ्यांत मागच्या बाजूला आरशासारखा थर असतो, मांजरीच्या असतो तसा. उजेड पडला की डोळे निखाऱ्यासारखे लालभडक पेटतात. दिवसा पाण्यात तरंगणारा ओंडका आणि अ‍ॅलिगेटर यांत फरक करता करता डोळे दुखतात, रात्री मात्र अर्ध्या किलोमीटरवरून हजेरी लागते. लोक रात्रीच का निघतात, तर म्हणून. आम्ही गेलो होतो लेक किसिमीला, ऑर्लँडोच्या दक्षिणेला. कॅप्टननी पहिल्यांदा दिवा गोल फिरवला तेव्हा मी पंचवीसपर्यंत डोळे मोजले आणि सोडून दिलं. रात्री गच्चीवरून एक्सप्रेसवेकडे बघावं आणि सगळ्या गाड्यांचे ब्रेकलाइट एकदम लागावेत, तसं दिसतं.

डोळे दिसले म्हणजे आकार कळत नाही. त्यासाठी एक ठोकताळा आहे, आणि हा मला जाम आवडला. नाकपुडीपासून डोळ्यापर्यंतचं अंतर इंचांत मोजायचं, तितके फूट जनावराची लांबी. आठ इंच तर आठ फूट. पाण्यावर नाक आणि डोळे एवढंच दिसतं, तेवढ्यावरून अंधारात, हलत्या होडीतून हा अंदाज करायचा. कॅप्टननी चार-पाच जनावरं नुसती बघून सोडून दिली. "हा सहा फुटी. हाही सहा. ही पोरं आहेत." एकदा दोरी लावली की माघार घ्यायची नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम. त्यामुळे निवड आधीच, आणि सावकाश.

आता तो बिनआमिषाचा गळ. दिसायला जहाजाच्या नांगराच्या पिल्लासारखा. तीन टोकं, मधल्या दांड्यावर शिसं ओतलेलं. समुद्रात मोठे मासे पकडायला वापरतात तसला जाड आठ फुटी रॉड, त्यावर मोठं रीळ, आणि वेणीसारखा विणलेला, शंभर पौंडांहून जास्त ताण सोसणारा सिंथेटिक दोरा. जनावराने काही गिळणं इथे अपेक्षितच नाही. गळ त्याच्या पलीकडे फेकायचा, दोरा त्याच्या पाठीवर आडवा येईल असा बेताने ओढायचा, आणि टोक कातडीला टेकलं की एकदाच, पूर्ण ताकदीने झटका. पाठीवर हाडांच्या फरशा असतात, तिथे गळ घसरतो. तो रुततो कुशीच्या, पायाजवळच्या मऊ कातडीत, आणि तिथेही वरवरच. म्हणजे ही पहिली दोरी नुसती संपर्कासाठी. कॉल लागलाय, पण लाइन कधीही कटू शकते.

जनावर बुडी मारून गेलं तरी खेळ संपत नाही. ते तळाशी चालायला लागलं की चिखलातून बुडबुड्यांची रांग वर येते. त्या रांगेच्या पुढे गळ टाकायचा. कॅप्टन बुडबुडे असे वाचतात जसा आपला सिनियर डेव्हलपर लॉग फाइल वाचतो, म्हणजे चेहऱ्यावर काहीही न दाखवता.

दुसरी दोरी हार्पूनची. ही खरी. आठ-दहा फुटांचा दांडा, त्याच्या टोकाला सुटं होणारं पोलादी फाळ, फाळाला तारेचा तुकडा, त्याला दोरी आणि दोरीच्या शेवटी फुटबॉलएवढा बोया. भाला फेकत नाहीत. जनावर होडीच्या बाजूला आलं की वरून दाबून खुपसतात, मानेच्या बाजूच्या मऊ भागात. दांडा हातात परत येतो, फाळ कातडीखाली आडवं होऊन अडकतं, आणि आता बोया पाण्यावर फिरत राहतो. क्रॉसबो आणि धनुष्यबाणवाले याच पद्धतीचं टोक बाणाला लावतात. दिसायला फिल्मी, बाकी तत्त्व तेच.

आणखी एक जुना प्रकार कायद्यात बसतो. दोन इंचांपेक्षा लहान लाकडी खुंटी, तिच्यावर गुरांच्या फुफ्फुसाचा तुकडा, आणि दोरी माणसाच्या हातात. जनावर गिळतं, दोरी ताणली की खुंटी आत आडवी होते. कॅप्टनना हा प्रकार आवडत नाही, "आत काय चाललंय ते मला दिसत नाही" म्हणतात. त्यापुढे मी काही विचारलं नाही.

टीव्हीवरचं 'स्वॅम्प पीपल' आठवत असेल तर ते वेगळं प्रकरण. २०१० मध्ये सुरू झालेल्या त्या शोमध्ये लुइझियानाची पद्धत दिसते. संध्याकाळी आमिष लावलेला गळ पाण्यावर टांगून ठेवायचा, सकाळी येऊन बघायचं आणि अडकलेल्या जनावराला गोळी घालायची. तिथे तो लोकांचा पिढीजात धंदा आहे, ठरलेली टॅगं ठरलेल्या दिवसांत संपवायची असतात. आणि कॅमेऱ्यासाठी आरडाओरडा कम्पल्सरी. आमच्या होडीत दोन तास कोणी बोललं नाही. माझ्या चिप्सच्या पाकिटाचा आवाज झाला तर भाच्याने असं पाहिलं की मी पाकीट खिशात घातलं.

आता दोरीचा कायदा का, ते सांगतो. पोहत्या अ‍ॅलिगेटरला गोळी घातली आणि ती नीट लागली, तरी जनावर दगडासारखं बुडतं. गढूळ पाण्यात, तळाच्या शेवाळात ते कुठे शोधणार? नीट लागली नाही, तर ते लव्हाळ्यात शिरतं आणि तिथे दिवस काढत मरतं. दोन्ही वेळा टॅग तुमच्या खिशातच! म्हणजे नियमाप्रमाणे तुम्ही काहीच मारलेलं नाही, पुढच्या जनावराकडे जायला मोकळे. न सापडलेलं जनावर कुठल्याच हिशेबात येत नाही. दोरी ही पळवाट बंद करते. एकदा ती लागली की तो प्राणी तुमच्या नावावर, आणि त्याला किती वेळ वेदना होणार याचा हिशेबही तुमच्याच नावावर.

रात्री पावणेबाराला कॅप्टननी एक निवडला. "नऊ," एवढंच म्हणाले. छोटी मोटर चालू, दिवा मंद. तीस मीटरवर असताना डोळे विझले, जनावर खाली गेलं. मग बुडबुडे. कॅप्टनचा गळ दुसऱ्या फेकीला लागला आणि रॉड असा वाकला की मला आता मोडतोच वाटलं. रॉड राहिला, होडी ओढली जायला लागली. सावकाश, पण न थांबता. इथे घाईला वाव नाही. दोरा फार ताणला तर गळ निसटतो, सैल सोडला तर जनावर गिरक्या घेऊन दोरा पाणवनस्पतींत गुंडाळतं. होडी त्याच्या बरोबर वर ठेवायची, म्हणजे ओढ सरळ वर बसते. आणि पायाशी पडलेल्या दोरीच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही. हे मला तीनदा बजावलं होतं.

वीस मिनिटांनी ते वर आलं, भाच्याने हार्पून दाबला, फाळ बसलं, बोया गेला. आणि त्याच वेळी पश्चिमेला वीज चमकली.

फ्लोरिडातल्या उन्हाळी वादळांबद्दल एवढंच सांगतो की ती अपॉइंटमेंट घेऊन येत नाहीत. उघड्या तळ्यावर, अ‍ॅल्युमिनियमच्या होडीत, हातात लांब दांडे घेऊन बसलेली माणसं विजेला भलतीच आवडतात. भाचा म्हणाला, "मामा, निघूया. बोया आहे ना, सकाळी येऊ." (तो इंग्रजीत म्हणाला, पण मामा-भाच्याचं नातं मराठीतच बरं वाटतं.) कॅप्टन काही बोलले नाहीत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत त्यांनी सेकंद मोजले. चाळीसच्या वर गेले. म्हणजे वादळ चौदा-पंधरा किलोमीटरवर. "पंचवीसवर आलं की दोरी बांधून निघू," ते म्हणाले. "तोवर नाही. ते खाली पडलंय माझं लोखंड अंगात घेऊन."

आणि बोया थांबला होता. जनावर तळाशी जाऊन बसलं होतं. शांत असेल तर अ‍ॅलिगेटर तासभरसुद्धा श्वास धरू शकतो. झटापट करून दमलेला इतका टिकत नाही, पण नेमका किती टिकेल ते त्यालाच माहीत. कॅप्टननी हार्पूनची दोरी हातात घेतली आणि थोडी थोडी, सारख्या जोराने वर ओढत राहिले. हिसका नाही. पुढची वीज, पस्तीस सेकंद. त्याच्या पुढची, एकतीस. मी प्रामाणिकपणे सांगतो, तेव्हा मला प्राण्याचं काहीही वाटत नव्हतं. मला किनारा हवा होता. कॅप्टनच्या जागी मी असतो तर दोरी सोडून निघालो असतो, आणि सकाळी बोया मिळालाही असता, किंवा नसता. ते जनावर रात्रभर तसंच पडून राहिलं असतं. आजही दोन्ही बाजूंचा विचार केला की मला त्यांचा निर्णय पूर्ण शहाणपणाचा वाटत नाही. पण शिकाऱ्याचा म्हणून तो बरोबर होता.

एकोणतीसला डोकं वर आलं.

आता तिसरं सामान, बँगस्टिक. लांब दांडा, टोकाला एकच काडतूस बसेल एवढी नळी. टोक टेकवून दाबलं की बार उडतो, लांबून उडतच नाही. तीही दोरीने अडकलेल्या जनावरावरच वापरायची. कवटीच्या मागच्या कडेशी, मान जिथे सुरू होते तिथे, पुढच्या दिशेने तिरकं. टोक पाण्याखाली किंचित बुडवायचं, म्हणजे वर काही उडत नाही. अ‍ॅलिगेटरचा मेंदू आठ-नऊ ग्रॅमचा, अर्ध्या टेबलस्पूनात मावेल एवढा, आणि भोवती हाडांचा किल्ला. दोन-तीन इंच चुकलं की जनावर मरत नाही, भडकतं. म्हणून इतका वेळ, इतक्या दोऱ्या. डोकं एक सेकंद स्थिर मिळावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. कॅप्टननी ते मिळेपर्यंत दांडा दोनदा मागे घेतला. तिसऱ्यांदा एक दबका आवाज झाला, उशीखाली फटाका फोडल्यासारखा.

यानंतर लगेच कोणी टाळ्या देत नाही. मेलेला वाटलेला अ‍ॅलिगेटर होडीत शुद्धीवर आल्याचे किस्से इथे प्रत्येक शिकाऱ्याकडे आहेत. म्हणून होडीत घेण्याआधी जबडा दोरीने आवळला आणि त्यावर काळी इन्सुलेशन टेप, तीच आपल्या इलेक्ट्रिशियनच्या खिशातली. जबडा मिटायची ताकद प्रचंड, दोन हजार पौंडांच्या वर मोजली गेलीये. उघडायचे स्नायू मात्र इतके दुबळे की पाच-सहा वेढे पुरतात. मग मानेमागून मणक्याची नस कापली. तेही खात्रीसाठीच, आणि तेव्हा मी दुसरीकडे बघत होतो.

टॅग शेपटीच्या टोकाजवळ, तिथल्या तिथे, होडी हलवायच्या आधी. प्लॅस्टिकची पट्टी, एकदा अडकली की कापल्याशिवाय निघत नाही, विमानतळावर बॅगेला लावतात तशी. त्यानंतर पेट्रोलचं इंजिन, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कुठल्याही गाडीला 'अजून फास्ट' म्हणालो. पाऊस आम्हाला जेट्टीवरच गाठायला आला.

टेपने मोजलं, ९ फूट ४ इंच. म्हणजे नाकाडोळ्याचा ठोकताळा चार इंचांनी चुकला, अंधारात वाईट नाही. रात्रीच बर्फात घातलं, सकाळी खाटकाकडे. कातड्याला आता फारसे पैसे येत नाहीत, कारण मोठ्या ब्रँडच्या पर्सेसना डाग-ओरखडे नसलेलं फार्मवरचं कातडं लागतं, आणि तळ्यातलं जनावर म्हणजे नुसते ओरखडे. मांस मात्र चार घरांत गेलं. शेपटीचे तुकडे ताकात भिजवून, मक्याच्या पिठात घोळवून तळतात. चव कोंबडी आणि माशाच्या मधली. खरं सांगू? लसूण-तिखट लावलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरा टॅग वापरलाच गेला नाही. न वापरलेला टॅग सीझन संपल्यावर कमिशनला परत पाठवावा लागतो, आणि कॅप्टननी तो पाकिटात घालून पाठवलासुद्धा. ऑक्टोबरात दोन शुक्रवार आकाश स्वच्छ होतं. पार्किंगमध्ये भेटले तेव्हा मी विचारलं, का नाही गेलात? म्हणाले, "फ्रीझर भरलाय." आणि होडीवरचं ताडपत्रीचं टोक ओढून बांधायला लागले.